कोठाराची दोन तोंडे



गेल्या दिवाळीनंतर मामेभावाचा निरोप आला. कळमनुरी तालुक्यातील आमच्या आजोळचा वाडा पाडायचे ठरले होते. "दादा, एकदा येऊन बघून जा. मागाहून बोल नको," असे तो म्हणाला. बँकेच्या नोकरीत असताना वर्षानुवर्षे या गावी जाणे झाले नव्हते. निवृत्तीनंतर सवड होती. पण जायला कारण नव्हते. आता कारण मिळाले, तेही असे.

वाडा म्हणजे काही फार मोठे प्रकरण नव्हे. पांढऱ्या मातीच्या दोन हात रुंद भिंती, सागवानी खांब, वर माळवद, पुढे ओसरी, मध्ये चौक आणि मागच्या अंगाला दोन खणांची एक अंधारी खोली. या खोलीला खिडकी नाही. आपल्या उंचीच्या माणसाने वाकूनच आत जावे एवढे तिचे दार. लहानपणी आम्हाला तिकडे जायची बंदी होती, म्हणून ती आम्हाला वाड्यातील सर्वांत रहस्यमय जागा वाटे. ही खोली म्हणजे धान्याचे बळद.

बँकेच्या कामात मी शेकडो गोदामे तपासली. पण हे बळद नीट पाहिले ते वयाच्या पासष्टीत, हातात विजेरी घेऊन. तळ जमिनीपासून हातभर उंच उचललेला आणि त्यावर शहाबादी फरशी. भिंतींना आतून शेणमातीचा गुळगुळीत गिलावा, म्हणजे किडीला लपायला भेग नको. माळवदाला एक साणे, तोंडावर दगडी झाकण. खळ्यावरून आलेले धान्य भिंतीतल्या जिन्याने माळवदावर न्यायचे आणि साण्यातून खाली ओतायचे. ओसरीच्या बाजूला, भिंतीच्या पायथ्याशी, एक वीतभर रुंद भोक. त्याला लाकडी दट्ट्या आणि दट्ट्याभोवती शेणमातीचे लिंपण. धान्य काढायचे ते येथून. त्यामुळे आधी भरलेले धान्य आधी बाहेर येई आणि जुने तळाशी कुजत पडत नसे. गोदामातील मालाचा 'आधी आलेला आधी बाहेर' हा नियम आम्हाला प्रशिक्षण वर्गात शिकवला होता. आजोळच्या गवंड्याने तो भिंतीतच बसवून ठेवला होता.

वरचे तोंड आणि खालचे तोंड. या दोन तोंडांचा विचार मनात घेऊनच मी त्या गावाहून परतलो.

योगायोग असा, की पुढच्याच महिन्यात आम्ही काही कुटुंबे कुंभोजच्या बाहुबली क्षेत्री दर्शनाला गेलो आणि परतीच्या दिवशी पन्हाळा पाहायचे ठरले. पन्हाळ्याचे नाव घेतले की शिवछत्रपती, सिद्दी जौहरचा वेढा आणि बाजीप्रभू देशपांडे आठवतात. आपल्या समाजाला या गडाचे आणखीही एक नाते आहे. हा किल्ला बाराव्या शतकाच्या अखेरीस बांधला तो शिलाहार राजा भोज दुसरा याने. याच भोजाच्या कारकिर्दीत, शके ११२७ म्हणजे इ. स. १२०५ मध्ये, आजऱ्याच्या जिनालयात बसून सोमदेवांनी जैनेंद्र व्याकरणावरील 'शब्दार्णवचंद्रिका' हा ग्रंथ पूर्ण केला. पुढे गड यादवांकडे, बहामनींकडे आणि मग विजापूरच्या आदिलशाहीकडे गेला. माझे सहप्रवासी सज्जाकोठी आणि तीन दरवाजा पाहत पुढे गेले. मी मात्र गडाच्या मध्यभागी असलेल्या अंबरखान्यापाशीच थांबलो.

'अंबार' हा मूळचा फारसी शब्द. त्याचा अर्थ साठा, कोठार. मराठीत तो ढीग या अर्थाने रुळला. आपला 'कोठार' शब्द संस्कृत 'कोष्ठागार' वरून आला आणि त्यावरूनच कोठारी हे आडनाव. समाजातील किती घरांच्या दारावर ही पाटी आहे! त्यांच्यापैकी कितीजणांनी कोठार आतून पाहिले असेल, हा प्रश्न निराळा.

अंबरखाना ही तीन इमारतींची मिळून झालेली वास्तू आहे. त्यांची नावे गंगा, यमुना आणि सरस्वती. बांधणी विजापुरी शैलीची. सर्वांत मोठी गंगा कोठी. तिचे क्षेत्रफळ सुमारे ९५० चौरस मीटर आणि उंची ३५ फूट, म्हणजे १० मीटरांहून थोडी अधिक. आत सोळा खण आहेत आणि प्रत्येक खणावर स्वतंत्र चापट घुमटी आहे. प्रत्येक घुमटीच्या माथ्यावर एक भोक. दोन्ही बाजूंनी जिने छतावर जातात. धान्य डोक्यावर घेऊन वर जायचे, घुमटीच्या भोकातून खाली ओतायचे. पूर्वेच्या प्रवेशाशी घुमटाकार छताचे दालन, त्यावर सज्जा आणि विजापुरी धाटणीचे चुन्याचे नक्षीकाम आहे. धान्य ठेवायच्या जागेलाही दर्शनी शोभा असावी, असे त्या बांधणाऱ्याला वाटले, याचे मला फार अप्रूप वाटले.

सोळा खणांना सोळा भोके का, एक मोठे का नाही? याचे उत्तर खळ्यावरची रास पाहिलेल्या कोणालाही देता येईल. धान्य वरून ओतले की त्याचा शंकू होतो. एकाच भोकातून ओतले तर मधोमध ढीग उंच होतो आणि कोपरे रिकामे राहतात. प्रत्येक खणाला स्वतःचे तोंड दिले की कोठी सारखी भरते. शिवाय भरलेले धान्य भिंतींना बाहेर रेटा देते. तो रेटा आणि छताचा भार मिळून पेलायचा, तर भिंती जाडच हव्यात.

गंगा कोठीची क्षमता २५,००० खंडी सांगितली जाते. जुनी सवय सुटत नसल्याने मी तिथेच हिशेब मांडला. एक खंडी ६५० पौंडांची धरली, तर हे धान्य सात हजार टनांहून अधिक होते. कोठीचे बाहेरचे आकारमान सुमारे दहा हजार घनमीटर आणि एका घनमीटरात धान्य बसते साधारण पाऊण टन. म्हणजे भिंती, खांब, दालन काहीच वजा न करता सगळी वास्तू काठोकाठ भरली, तरच हा आकडा जुळतो. खंडीचे माप गावोगाव आणि मालागणिक बदलत असे, हे लक्षात घेतले तर आकड्याचा आग्रह धरू नये. कोठी प्रचंड आहे आणि मार्च ते जुलै १६६० असा वेढा पडला असता गडावरचे लोक तग धरू शकले ते पोटात अन्न होते म्हणून, एवढे मात्र निःसंशय.

या तिन्ही कोठ्यांहून अधिक वेळ मी ज्या वास्तूपाशी उभा राहिलो, ती जवळच आहे आणि तिच्याकडे सहसा कोणी वळत नाही. तिचे नाव धर्मकोठी. ५५ फूट लांब, ४८ फूट रुंद आणि ३५ फूट उंच अशी ही दगडी इमारत आहे. तिला एक प्रवेशद्वार आणि गच्चीवर जाणारा जिना आहे. येथून गरजूंना धान्य वाटले जाई. ज्या किल्ल्याला शत्रूचा वेढा पडू शकतो, त्या किल्ल्यावर देण्यासाठी बांधलेले एक वेगळे कोठार आहे, हे पाहून मी स्तब्ध झालो. शिलकीतून उरले तर द्यावे, असा तो विचार नाही. देण्याच्या धान्यासाठी जागाच निराळी बांधलेली आहे. हिशेबाच्या भाषेत सांगायचे, तर दानाचे खाते स्वतंत्र उघडले आहे.

धर्मग्रंथांच्या वाचकांना येथे परिग्रहपरिमाण व्रताची आठवण होईल. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात या व्रताचे अतिचार सांगताना शेत-घर, सोने-रुपे यांच्या जोडीने धन-धान्याचाही उल्लेख आहे. श्रावकाने धान्य ठेवूच नये, असे आचार्यांनी सांगितले नाही. किती ठेवायचे याची मर्यादा आधी ठरवावी आणि ती ओलांडू नये, असे सांगितले. मर्यादेपलीकडचे धान्य कोठाराच्या खालच्या तोंडाने बाहेर गेले पाहिजे.

कच्छमधील भद्रेश्वरच्या जगडूशाहाची कथा आपण पाठशाळेत ऐकली आहे. सर्वानंदसूरींच्या 'जगडूचरिता'त ती आली आहे. विक्रम संवत १३१३ पासूनच्या तीन वर्षांच्या दुष्काळात गुजरातचा राजा विसलदेव याने त्याच्याकडे धान्य मागितले. जगडूने सांगितले की कोठारातील धान्य माझे नाही. आतले ताम्रपट पाहावेत. त्या ताम्रपटांवर हे धान्य गरिबांसाठी असल्याचे लिहिलेले होते. धान्य भरतानाच त्याने आपली मालकी काढून घेतली होती. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी बादशाही कोठारे दुष्काळात लोकांसाठी उघडली, ही कथाही महाराष्ट्रात घरोघरी आहे. दामाजीपंतांनी दुसऱ्याच्या कोठाराचे कुलूप काढले आणि आपला जीव पणाला लावला. जगडूने आपल्या कोठाराला कुलूप आपल्या नावाने लावलेच नाही.

वरचे तोंड मोठे आणि खालचे अडलेले असेल तर काय होते, याचे उदाहरण पाटण्यात उभे आहे. १७७० च्या बंगालच्या भीषण दुष्काळानंतर इंग्रजांनी तेथे गोलघर हे प्रचंड धान्यकोठार बांधायला घेतले. कॅप्टन जॉन गार्स्टिन याने ते १७८६ मध्ये पूर्ण केले. उंची सुमारे २९ मीटर, बाहेरून नागमोडी वळत वर जाणारे जिने, माथ्यावर धान्य ओतण्याचे भोक. हमालाने एका जिन्याने चढावे आणि दुसऱ्याने उतरावे, अशी योजना. पण ते कधीच पूर्ण भरले गेले नाही. त्याची खालची दारे आत उघडणारी होती आणि धान्य भरले असते तर ती उघडलीच नसती, असेही सांगतात. त्याच्या माथ्यावरून गंगा दिसते.

येथपर्यंतचे लिहिणे मला सोपे गेले. पुढचे तितके सोपे नाही.

वाडा रिकामा करताना बळदाच्या कोनाड्यात लाल कापडात बांधलेल्या आजोबांच्या वह्या निघाल्या. मामेभावाने त्या माझ्यापुढे ठेवल्या. "तुम्ही बँकवाले. तुम्हालाच वाचता येतील," असे म्हणाला. मी दोन दिवस त्या वाचल्या. पेरणीच्या तोंडावर कुळांना दिलेली ज्वारी आणि सुगीनंतर परत आलेली ज्वारी, असा सगळा व्यवहार. कोठे सवाई, म्हणजे पायलीला सव्वा पायली. कोठे दिढी, म्हणजे पायलीला दीड पायली. चार-पाच महिन्यांच्या मुदतीला दिढीचा दर म्हणजे वर्षाचे शेकडा शंभराहून अधिक व्याज होते. एवढ्या दराचे कर्ज कोणी माझ्या टेबलावर मंजुरीला आणले असते, तर मी ते हातात धरले नसते. एक नाव सलग नऊ वर्षे 'नावे' बाजूला होते. दहाव्या वर्षी ते नाव संपले आणि त्याचे शेत आमच्या खात्याला लागले.

आमच्या बळदाचे वरचे तोंड असे भरत असे. १८७५ साली सुपे येथून उसळलेल्या दंग्यात दख्खनच्या शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या का जाळल्या, हे मी बी. कॉम.ला पाठ केले होते. आपल्या घरच्या वहीवर बोट ठेवून ते समजायला पन्नास वर्षे लागली. आमचा भाग तेव्हा निजामाच्या राज्यात होता. दंगा तेथवर पोहोचला नाही. म्हणूनच वह्या शिल्लक राहिल्या असाव्यात.

त्याच वह्यांत १९७२ चे पान आहे. त्या वर्षी मी बारा वर्षांचा होतो आणि आजोळी होतो. पाऊस गेला, विहिरी आटल्या, लोक खडी फोडायला दुष्काळी कामांवर जाऊ लागले. एका सकाळी आजीने ओसरीवर बसून दट्ट्याचे लिंपण स्वतःच्या हाताने उकरले. ज्वारी धारेने बाहेर आली, तो आवाज अजून कानात आहे. ती पायलीने मापून देत होती आणि प्रत्येक पायलीला शीग लावत होती. मापावर शीग घ्यायची ती घेताना आणि द्यायचे ते काठाशी सपाट करून, ही सावकारी रीत सगळ्या गावाला ठाऊक होती. आजी उलटे करत होती. ओसरीच्या खांबाला टेकून बसलेले आजोबा काही बोलले नाहीत, लिहीत होते. ते पान आता मी पाहिले. 'नावे' बाजूला बेचाळीस नावे आहेत. 'जमा' बाजू कोरी आहे. पुढच्या वर्षीच्या वहीतही त्या बेचाळीस रकमा ओढलेल्या नाहीत.

हीनाधिक माप, म्हणजे देताना कमी आणि घेताना जास्त, हा अचौर्य अणुव्रताचा अतिचार. आजीला सूत्र पाठ होते की नाही, मला आठवत नाही. तिला पायली ठाऊक होती.

या एका पानाने आधीची पाने पुसली जातात का? बँकेत मी कधी एका खात्याच्या जमेने दुसऱ्या खात्याचे येणे मिटवले नाही. येथेही मिटवणार नाही. दोन्ही पाने एकाच घराची आणि एकाच बळदाची आहेत. वास्तू तीच, भिंती त्याच. फरक पडतो तो खालचे तोंड कोणासाठी आणि कोणत्या मापाने उघडले, याने.

आता प्रश्न आजचा. आमच्या जिल्ह्यात सोयाबीन, तूर, हरभरा आणि हळद पिकते. वसमतची हळद सर्वदूर जाते. पण नव्या सिमेंटच्या घरांत गाडीला जागा आहे, धान्याला नाही. दिवाळीच्या तोंडावर सोयाबीन निघते आणि आठ दिवसांत मोंढ्यावर जाते. आवक वाढली की भाव पडतो, हे सर्वांना कळते. नोकरीच्या शेवटच्या वर्षांत एका शेतकऱ्याला मी म्हणालो होतो, "थोडे थांबला असतात तर बरे झाले असते." तो म्हणाला, "साहेब, थांबतो की. माल कुठं थांबवू?" माझ्यापाशी उत्तर नव्हते.

उत्तर अगदीच नाही असे नव्हे. राज्याचे पणन मंडळ १९९०-९१ पासून बाजार समित्यांमार्फत शेतमाल तारण कर्ज योजना चालवते. माल गोदामात ठेवायचा, त्याच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम सहा महिन्यांसाठी शेकडा सहा दराने उचलायची आणि भाव आला की विकायचा. दिढीच्या वह्या वाचल्यानंतर हा दर मला फार मोलाचा वाटतो. पण गोदाम जवळ हवे, माल नीट वाळलेला हवा आणि माहिती वेळेवर हवी. यांपैकी जागा आणि माहिती या दोन गोष्टी आपल्या समाजाला सहज देता येतील. कितीतरी गावांत आपल्या व्यापारी बांधवांची रिकामी गोदामे आहेत. त्यांतील एखादा खण धर्मकोठीसारखा वेगळा काढता येणार नाही काय?

वाळवण्याचा विषय आपल्याला परका नाही. पिठाची मर्यादा पावसाळ्यात तीन, उन्हाळ्यात पाच आणि हिवाळ्यात सात दिवस, हा नियम आपल्या घरी पाळतात. ओलाव्यात जीव उत्पन्न होतात, हे त्यामागचे ज्ञान आहे. धान्य कडक वाळवून, कोरड्या जागी ठेवले तर कीड लागत नाही आणि मारावीही लागत नाही. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातही गडावरील धान्यगृहांना उंदीर, किडा, मुंगी, वाळवी आणि आग यांची बाधा होऊ नये, अशी बांधणी सांगितली आहे. साठवणुकीत राजनीती आणि अहिंसा येथे एकाच भिंतीपाशी येऊन मिळतात.

पन्हाळा केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे. १९५८ चा कायदा आणि २०१० ची दुरुस्ती यांमुळे अशा स्मारकापासून १०० मीटरांत नवे बांधकाम करता येत नाही. जुलै २०२५ मध्ये बारा मराठा किल्ल्यांचा समावेश जागतिक वारसा यादीत झाला, त्यांत पन्हाळाही आहे. गंगा कोठीची काळजी घ्यायला सरकार आहे. आमच्या दोन खणी बळदाला असे कवच नाही आणि ते मिळणारही नाही. त्याचे रक्षण करायचे तर घरच्यांनीच करायचे.

मी मामेभावाला एवढेच सांगितले, की वाडा पाड. तुझी मुले त्यात राहणार नाहीत आणि पांढरी माती दर पावसाळ्यात गळते, हे खरे आहे. पण बळदाचे दोन खण ठेव. पाडण्याआधी आम्ही दोघांनी फितीने सगळा वाडा मोजला, कागदावर आराखडा काढला, साण्याचे आणि दट्ट्याचे छायाचित्र घेतले. त्याने विचारले, "ठेवतो. पण आत काय ठेवायचे?" मी म्हणालो, "एका बाजूला वह्या. सगळ्या. फक्त बहात्तरची नव्हे." त्यावर तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "आणि दुसऱ्या बाजूला?"

त्याचे उत्तर यंदाच्या सुगीत द्यायचे आहे. गावातील दोन विधवा शेतकरी महिलांचे सोयाबीन घरात जागा नाही म्हणून दरवर्षी खळ्यावरूनच विकले जाते. त्यांची पोती पहिल्यांदा तेथे ठेवावीत, भाडे घेऊ नये आणि तारण कर्जाचे कागद मी करून द्यावेत, असे ठरते आहे. त्यांतील एकीचे सासरे त्या नऊ वर्षांच्या पानावर आहेत. तिला हे अजून सांगितलेले नाही. पोती आत ठेवण्याआधी सांगायचे, असे आम्ही दोघांनी ठरवले आहे.

वाचकहो, आपल्या आजोळी, पणजोळी एखादे बळद, पेव किंवा कोठी शिल्लक असेल तर पाडण्याआधी एकदा आत जाऊन या. लांबी-रुंदी मोजा, धान्य कोठून भरत आणि कोठून काढत ते पाहा, घरातील वडीलधाऱ्यांना विचारून लिहून ठेवा. वह्या सापडल्या तर त्याही वाचा. वाचून झाल्यावर जे वाटेल ते या सदराकडे कळवा. पुढील अंकात पुन्हा भेटू.

जय जिनेंद्र.